कुंपणापलीकडची कोंबडी

ऑफिसातल्या एका मित्राने मुळशीच्या बाजूला छोटासा प्लॉट घेतलाय. पत्र्याची एक खोली, आंब्याची चार कलमं आणि आता नवीन भर म्हणजे सहा गावठी कोंबड्या. शुक्रवारी ऐन रिलीजच्या धामधुमीत त्याचा मेसेज आला. "कोंबड्या कुंपणावरून उडून शेजाऱ्याकडे जातायत. पंख कापायचे असतात म्हणे. तू कापले आहेस ना? कुठून कापायचे?"

कुठून कापायचे हे दोन ओळींत सांगता आलं असतं. पण बोटं अडली. "विकांताला सविस्तर लिहितो" असं कळवून टाकलं. तर हा तो विकांत, आणि हे ते सविस्तर. ज्यांच्याकडे कोंबड्या नाहीत त्यांनीही वाचायला हरकत नाही. :-)

गोष्ट २०२० सालची. मार्चमध्ये लॉकडाउन लागायच्या दोन दिवस आधी मी लॅपटॉप उचलून गावी, सिंधुदुर्गात पोचलो. पंधरा दिवसांचे कपडे नेले होते, राहिलो पावणेदोन वर्षं. आईला सोबत झाली आणि मला माडांच्या सावलीत बसून स्टँडअप मीटिंग करायची चैन. आईच्या सात-आठ कोंबड्या होत्या. दिवसभर परड्यात (म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत) हुंदडायच्या, तिन्हीसांजेला मातीच्या जुन्या खुराड्यात शिरायच्या. ते खुराडं म्हणजे एक काळोखी, बुटकी, वास मारणारी वस्तू. मला ते बघवेना. मे महिन्यात हाताला काम नव्हतं (मीटिंगांना काम म्हणत नाहीत), म्हणून आंतरजालावरचे व्हिडिओ बघून मी नवं घर बांधलं. चारी बाजूंनी जाळी, वरून पारदर्शक पत्रा, आत दांड्या, शिवाय सौर दिवासुद्धा! हवेशीर, स्वच्छ, उजेडाचं. जुनं खुराडं पाडून टाकलं. आई खळ्यात उभी राहून सगळं बघत होती. एवढंच म्हणाली, "बरा आसा. पण कोंबयेक एवढो उजेड कित्याक?"

मी हसलो. आई जुन्या वळणाची, असं मनात म्हणालो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पावसाळा गेला आणि कोंबड्यांना पंख फुटले. म्हणजे पंख होतेच, पण आता त्या वापरायला लागल्या. आमच्या आणि शेजारच्या आबांच्या परड्याच्या मध्ये चिऱ्याचा गडगा आहे, असेल साडेतीन-चार फूट. कोंबडी आधी गडग्यावर उडी मारायची, वर जरा टेहळणी करायची आणि मग पलीकडे झोकून द्यायची. यात सगळ्यांची म्होरकी होती तांबडी. अंगाने किरकोळ, नजर तिरकी, चाल मामलेदारीण बाईची.

पलीकडे आबांनी दिवाळीनंतर भाजीचे वाफे केले होते. लाल माठ, मुळा, नवलकोल. ज्यांनी कोंबडीला नुकतंच पेरलेल्या वाफ्यात पाहिलेलं नाही त्यांना कल्पना यायची नाही. ती खात फारसं नाही. उकरते. दोन लाथा मागे, एक चोच खाली, परत दोन लाथा. दहा मिनिटांत महिन्याची मेहनत सपाट.

मग सकाळी साडेनऊला, माझ्या स्टँडअपच्या मुहूर्तावर, गडग्यापलीकडून आवाज यायचा. "तुमची कोंबडी परत इली हा, बग!"

आमच्याकडे 'बघ'चा 'बग' होतो. मी रोज सकाळी टीमला बग सांगत असायचो आणि आबा मला. पहिले दोन दिवस मी यावर खूप हसलो. तिसऱ्या दिवशी आईचा चेहरा पाहिला आणि हसू थांबलं.

कारण तो गडगा साधा नव्हता. मी शाळेत असताना याच गडग्यावरून बाबा आणि आबा यांचं फाटलं होतं. चिरे हातभर इकडे की हातभर तिकडे, एवढाच वाद. मोजणी आणली, तालुक्याला खेपा झाल्या आणि शेवटी गडगा आहे तिथेच राहिला, फक्त बोलणं बंद झालं. बाबा गेले तेव्हा आबा बाराव्याला आले, कोपऱ्यात बसले, न जेवता उठून गेले. त्यानंतर इतक्या वर्षांनी त्या घरातून आमच्या घराकडे आलेलं पहिलं वाक्य म्हणजे कोंबडीची तक्रार. आईला भीती एकच, की आता यावरून नव्याने सुरू होईल.

मी इंजिनिअर. प्रॉडक्शनला इश्यू आला की आधी तो बंद करायचा, कारण नंतर बघू, हे हाडीमाशी मुरलेलं. रात्री शोधलं आणि पंधरा मिनिटांत उपाय मिळाला. एका बाजूची पिसं छाटायची.

उपाय खरा आहे, आणि नीट केला तर दुखतही नाही. कोंबडीचा पंख उलगडून धरला की कडेला दहा लांब, ताठ पिसं दिसतात. उडताना मुख्य जोर त्यांचा. पंख मिटला की ती आत सरकतात, त्यामुळे कापलेली कोंबडी बाहेरून ओळखूही येत नाही. पूर्ण वाढलेलं पीस म्हणजे नखासारखंच, त्यात जीव नसतो. वरच्या आखूड पिसांच्या रांगेखाली थोडं अंतर सोडून ही दहा पिसं कापायची, तीही एकाच पंखाची. दोन्ही बाजूंची कापली तर कोंबडी तोल सांभाळून थोडंफार उडतेच. एकाच बाजूची कापली की तोल जातो आणि उंची गाठता येत नाही. जपायचं ते नव्या, वाढत्या पिसाला. त्याचा देठ गडद, निळसर दिसतो, कारण आत रक्त असतं. ते कापलं तर भळाभळा रक्त येतं. आणि हे कापणं कायमचं नाही. साधारण वर्षातून एकदा, दिवस लहान व्हायला लागले की कोंबडी पिसं टाकते आणि नवी आणते. मग पुन्हा कात्री.

अंधारात कोंबडीला दिसत नाही, म्हणून रात्री कार्यक्रम उरकला. बॅटरी धरायला आई, कात्री तिच्याच शिवणाच्या मशीनच्या खणातली. चौघींची पिसं कापली. सवयीच्या उडणाऱ्या या चारच होत्या. तांबडी सोडून कोणी हूं की चूं केलं नाही. शेवटची काळी. ही आईची लाडकी, आईच्या मागे मागे थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत येणारी. तिचा पंख मिटवताना आई म्हणाली, "पाख कापलंस, आता कुत्रो इलो तर ही झाडार कशी चढतली?"

"गेट लावून घेऊ ना," मी म्हणालो.

पुढचे आठ-दहा दिवस मी फार खुशीत होतो. तिघी गडग्याकडे फिरकेनात. तांबडी मात्र रोज पलीकडे! मला कळेना. मी परत पकडून पंख तपासला, कापणी बरोबर होती. शेवटी एका दुपारी खुर्ची टाकून पाळत ठेवली. बाईसाहेब गडग्याला टेकून रचलेल्या जळाऊ लाकडांच्या राशीवर पंख फडफडवत, पायांनी धावत चढल्या आणि वरून पलीकडे उतरल्या. उडण्याचा प्रश्नच नाही.

हे पंख मारत धावणं मला नंतर वाचनात भेटलं. अमेरिकेतल्या मोंटाना विद्यापीठाचे केनेथ डायल यांनी २००३ साली चकोराच्या पिल्लांवरचं काम प्रसिद्ध केलं. चकोर म्हणजे कोंबडीच्याच गोतावळ्यातला. ज्यांना अजून उडता येत नाही अशी पिल्लं अर्धवट पंख मारत उभ्या चढावर धावत जातात. पंखांच्या फडफडीने पाय चढावावर घट्ट दाबले जातात आणि घसरत नाहीत. म्हणजे अर्धा पंखही कामाचा असतो. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, आणि पंख कापला म्हणून आमची तांबडी जायची राहिली नाही.

लाकडं हलवायची ठरवलं. रविवारी हलवू म्हटलं.

गुरुवारी दुपारी मी खळ्यात बसून कॉलवर होतो. म्यूटवर. आई दुकानात गेली होती आणि परड्याचं बेडं तिने की मी, कुणीतरी उघडं ठेवलेलं. (मीच.) दोन भटकी कुत्री आत आली. एकदम कलकलाट झाला. बाकीच्या मिळेल तिकडे पळाल्या. तांबडी लाकडांवरून वर चढून गेली. काळी आमच्या फणसाकडे धावली. त्याची एक फांदी आडवी आहे, माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर. असं काही झालं की ती नेहमी तिथेच जायची, मी स्वतः पाहिलं होतं. तिने झेप घेतली. जमिनीपासून हात-दोन हात वर गेली आणि हवेतच एका कुशीवर कलंडली. ज्या बाजूला पिसं नव्हती त्या बाजूला. परत उठली, परत झेप घेतली, परत त्याच कुशीवर.

मी हेडफोन फेकून धावेपर्यंत तिसरी झेप घ्यायला ती उरली नव्हती.

आईला काय सांगायचं याची जुळवाजुळव करत बसलो होतो. तिला काही सांगावं लागलं नाही. तिने परडं पाहिलं, पिसं पाहिली, आणि काळीला माडाच्या मुळाशी पुरायला फावडं मागितलं. 'मी म्हटलं होतं' असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं वाटलं असतं. संध्याकाळी दाणे टाकताना तिने नेहमीसारखं "काळ्येऽ" अशी हाक घातली आणि मध्येच थांबली.

तुम्ही म्हणाल, एका कोंबडीचं एवढं काय? याच घरात रविवारी रस्सा होतो. होतो, मान्य. पण खायला कापणं वेगळं आणि स्वतःच्या सोयीसाठी एखाद्याची पळायची वाट बंद करून त्याला मोकळं सोडणं वेगळं. बंदिस्त कोंबडीला पंख नसले तरी चालतं, तिला जाळी आहे. मोकळ्या कोंबडीला जाळी नाही, तिला पंखच आहे. मी काळीची जाळीही दिली नाही आणि पंखही ठेवला नाही.

त्या आठवड्यात मी जरा रिकाम्या डोक्याने वाचत बसलो. कोंबडीचं मूळ आग्नेय आशियातल्या लाल रानकोंबडीत. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात खात्रीने पाळीव म्हणता येतील अशी सर्वांत जुनी हाडं मध्य थायलंडमधली आहेत, साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वीची (हे अर्थात मी नंतर वाचलं). आपल्या सह्याद्रीत तिचा चुलत भाऊ, राखी रानकोंबडा, अजून पहाटे आरवतो. हे पक्षी दिवसा जमिनीवर चरतात आणि रात्री झाडावर झोपतात. त्यांचं उडणं लांब पल्ल्याचं नसतंच. एकदम उभी झेप, फांदी, संपलं. कोंबडीच्या छातीचं मांस फिकं आणि तंगडीचं गडद असतं ना, त्याचं कारण हेच. छातीचे स्नायू क्षणभराच्या जोरासाठी बनलेले, पायांचे दिवसभर चालायसाठी. आपण 'ब्रेस्ट पीस' म्हणून जे मागवतो ते मुळात जीव वाचवायचं यंत्र आहे.

म्हणजे कोंबडी मजा म्हणून उडत नाही. तिला उडणं महाग पडतं. ती उडते तेव्हा काहीतरी कारण असतं. भीती, भूक, कोंबड्याचा जाच, रात्रीसाठी उंच जागा, किंवा अंड्यासाठी आडोसा. मग तांबडी रोज सकाळी नेमकी कशासाठी जात होती? मी तिला एवढे दिवस 'कशी जाते' एवढंच विचारत होतो.

उत्तर आबा घेऊन आले. त्या दिवशी गडग्यापलीकडून आवाज आला नाही. माणूसच आला, बेडं उघडून, आत. हातात पेंढा घातलेली टोपली. "ही तुमच्या कोंबयेची अंडी. मांगराच्या कोपऱ्यात पेंढ्याखाली घातल्यान. अकरा हत, मोजून घे."

अकरा! आम्ही मात्र आपले महिनाभर म्हणत होतो, थंडीमुळे अंडी कमी झालीत म्हणून.

आई टोपलीकडे बघत म्हणाली, "तिका काळोख होयो होतो." मग माझ्या सौर दिवा लावलेल्या काचमहालाकडे एक नजर. बस्स.

डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कोंबडी अंडं घालायला अंधारी, अरुंद, आड बाजूची जागा शोधते. रानात तीच सुरक्षित. आईचं जुनं खुराडं नेमकं तसं होतं, म्हणून वर्षानुवर्षं गडगा तेवढाच असून कोणी पलीकडे जात नव्हतं. ते मी पाडलं. चारी बाजूंनी उघड्या, उजेडी पिंजऱ्यात अंडं घालायला तांबडी तयार नव्हती. तिने शेजारचा मांगर शोधला, बाकीच्या तिच्यामागे गेल्या आणि वाटेत आबांचे वाफे लागले. थोडक्यात काय, बग कोंबडीत नव्हता. मे महिन्यातल्या माझ्या नव्या व्हर्जनमध्ये होता. आणि मी पॅच मारला तो कोंबडीला.

त्याच संध्याकाळी पिंजऱ्याच्या एका कोपऱ्याला गोणपाट लावून काळोख केला. आत तीन टोपल्या, भाताचा पेंढा, आणि आईच्या सांगण्यावरून प्रत्येकीत एकेक अंडं खुणेला. सौर दिवा काढला. लाकडांची रास गडग्यापासून लांब नेली. चौथ्या दिवशी तांबडी मधल्या टोपलीत बसलेली दिसली. पंख फुलवून, डोळे अर्धे मिटून, जगाशी संबंध नसल्यासारखी.

गडग्याचं काम राहिलं होतं. इथे आबांनी मदत केली. किनाऱ्यावरच्या ओळखीच्या माणसाकडून मासेमारीचं जुनं जाळं आणलं. मी त्यावर आडवा बांबू बांधायला निघालो तर म्हणाले, आडवं काही नको. त्यांचं बरोबर होतं. कोंबडी कुंपणावरून एका दमात जात नाही, आधी कुंपणावर बसते. वर बसायला कडा दिसली की ती झेप घेते. नुसतं ढिलं जाळं असलं की पाय कुठे टेकायचा ते तिला कळत नाही आणि ती नाद सोडते. फक्त उभे बांबू रोवून आम्ही सात फुटांपर्यंत जाळं नेलं. दोन रविवार लागले. ज्या गडग्यावरून मोजणी आणली होती त्यावर एका टोकाला आबा, दुसऱ्या टोकाला मी, आणि मध्ये चहा घेऊन आई. जुन्या गोष्टी कोणी काढल्या नाहीत. दुसऱ्या रविवारी आबा आमच्याकडे जेवून गेले.

तर मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आधी दोन दिवस खुर्ची टाकून बघ, कोण जाते, किती वाजता, आणि पलीकडे जाऊन काय करते. सकाळी जात असेल तर अंड्याची जागा बघ, तिन्हीसांजेला जात असेल तर झोपायची दांडी उंच कर, एकटीच पळत असेल तर तिला कोण छळतंय ते बघ. कुंपणाला टेकलेली घमेली, विटा, लाकडं, वाकलेल्या फांद्या काढ. मग जाळं, वरची कड न ठेवता. संध्याकाळचे दाणे रोज ठरल्या वेळी आतच टाक. गावठी कोंबडी हलकी असते, तिला सहा फूट म्हणजे काही नाही. वनराजा, गिरिराजा असल्या वजनदार जाती आण, त्यांना एवढं उडवत नाही, पण जीव वाचवायलाही उडवत नाही हे लक्षात ठेव. आणि एवढं सगळं करून एखादी गेलीच, कुत्रं-मुंगूस आत शिरणार नाही याची पक्की खात्री असली, तरच कात्री. कुठून कापायचं ते वर लिहिलंय.

२०२१ च्या दिवाळीच्या सुमारास तिघींनी पिसं टाकली, नवी आली. मी पुन्हा कापली नाहीत. डिसेंबरात पुण्याला परत आलो.

गेल्या महिन्यात गावी गेलो होतो. तांबडी आता म्हातारी झालीय, अंडी जवळपास बंद, पण आई तिला कोणाला हात लावू देत नाही. सकाळी साडेनऊला मी कॉल जोडत होतो तर पलीकडून ओळखीचा आवाज आला. "बग रे!"

मी दचकून उठलो. जाळ्याच्या खालच्या फटीतून आबांनी लाल माठाची जुडी आत सरकवून ठेवली होती आणि तांबडी तिच्याकडे निघाली होती.